हाताने चालते, वेळापत्रकावर पडते: स्क्रिप्टमधला डेटाबेस कनेक्शनचा वारंवार येणारा एरर कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "काल चालत होतं, आज कनेक्ट होत नाहीये." थोडं विचारलं की कळतं, मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. कुणीतरी मशीन रीस्टार्ट केलं, चालू झालं, विषय तिथेच राहिला. कनेक्शनचा एरर कायमचा असेल तर तो शोधायला सोपा, कारण तो समोर उभा असतो. जो येतो, आपोआप जातो आणि पुन्हा येतो, तो माणसांचे दिवस खातो. हे टिपण त्या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

उदाहरणं मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पायथन ही भाषा यांची घेतली आहेत. पुण्यातल्या लहान कारखान्यांत, क्लासेसमध्ये, सीएंच्या ऑफिसांत मला ही जोडी सर्वांत जास्त दिसते: भोसरी किंवा चाकणला एक पीसी, त्यावर दर काही मिनिटांनी चालणारी स्क्रिप्ट, आणि आकडे साठवायला क्लाउडवरचा डेटाबेस. मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीला यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. पोस्टग्रेसचे एरर क्रमांक वेगळे असतात, पण शोधायची दिशा हीच.

सुरुवातीलाच एक विनंती. एरर आला की सर्व्हर रीस्टार्ट करू नका आणि पासवर्ड बदलू नका. रीस्टार्ट केला की कोण किती कनेक्शन्स धरून बसलं होतं ही माहिती पुसली जाते. पासवर्ड बदलला तर जुन्या प्रश्नात नवा प्रश्न मिसळतो. आधी एररची पूर्ण ओळ जशीच्या तशी एका फाइलमध्ये ठेवा: क्रमांक, कंसातला आकडा, युजरचं नाव, त्याच्यापुढचा होस्ट आणि वेळ. "कनेक्शन एरर आला" एवढंच लॉगमध्ये लिहिणाऱ्या स्क्रिप्ट मी खूप बघितल्या आहेत. तिथे एक्सेप्शन पकडून त्याचा मजकूर फेकून दिलेला असतो. ती एक ओळ बदलून पूर्ण मजकूर लॉगमध्ये जाईल असं केलंत, तर पुढच्या वेळी अर्धा शोध आपोआप झालेला असेल.

आधी क्रमांक वाचा

मायएसक्यूएलमध्ये १००० ते १९९९ मधले एरर सर्व्हर पाठवतो, आणि २००० ते २९९९ मधले तुमच्या बाजूची लायब्ररी तयार करते. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी शोधाची जागा निम्मी होते. १०४५ दिसला म्हणजे नेटवर्क, फायरवॉल, पोर्ट सगळं ठीक आहे. सर्व्हरने तुमचं म्हणणं ऐकलं आणि मग नकार दिला. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही. उलट २००३, म्हणजे सर्व्हरशी जोडताच आलं नाही असा एरर, दिसला तर पासवर्डपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही, त्यामुळे पासवर्ड बदलून काही होणार नाही.

२००५ म्हणजे होस्टचं नावच सापडलं नाही, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सोय) किंवा टायपिंगची चूक. २००२ म्हणजे त्याच मशीनवरच्या सॉकेट फाइलमधून (एकाच मशीनवरचे प्रोग्राम जिच्यातून एकमेकांशी बोलतात) जोडता आलं नाही. पीएचपीमध्ये मात्र हाच आकडा नेटवर्कवरच्या नकारासाठीही येतो. ११३० म्हणजे तुमच्या मशीनवरून यायला कुणालाच परवानगी दिलेली नाही. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही. १०४०, १०४५, २००६ आणि २०१३ यांना पुढे जास्त जागा लागणार आहे.

२००३ च्या मागे कंसात जो आकडा असतो त्याकडे बहुतेक जण बघत नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. लिनक्सवर १११ आणि विंडोजवर १००६१ म्हणजे समोरच्या मशीनने स्पष्ट नकार दिला. लिनक्सवर ११० आणि विंडोजवर १००६० म्हणजे उत्तरच आलं नाही, वाट बघून वेळ संपली. बंगल्याची बेल वाजवल्यावर आतून "ते इथे राहत नाहीत" असं कुणी सांगितलं, तर निदान बंगला सापडला आणि आत माणूस आहे हे कळतं. काहीच आवाज आला नाही तर बहुधा आपण गेटच्या बाहेरच अडलोय.

स्पष्ट नकार आला असेल तर सर्व्हरच्या मशीनवर जा. मायएसक्यूएल बंद आहे का, ते दुसऱ्याच पोर्टवर ऐकतंय का, की बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःच्याच मशीनवर, ठेवलंय? उबुंटूवर मायएसक्यूएल किंवा डेबियनवर मारियाडीबी टाकलं की ते मूळ सेटिंगनुसार फक्त स्वतःच्या मशीनवरूनच जोडू देतं. उत्तरच आलं नसेल तर वाटेत बघा: फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप (कुठल्या आयपीवरून आत येता येईल याची यादी), चुकीचा किंवा जुना आयपी. दोन्हींतला फरक घड्याळावरही कळतो. नकार क्षणात येतो. वाट बघण्यात पायमायएसक्यूएल लायब्ररी मूळ सेटिंगनुसार १० सेकंद घालवते.

तपासायचं ते ज्या मशीनवर स्क्रिप्ट चालते त्याच मशीनवरून. स्वतःच्या लॅपटॉपवरून "मला तर जोडलं जातंय" म्हणण्याने काहीच सिद्ध होत नाही. लिनक्सवर एनसी आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने ३३०६ पोर्ट उघडा आहे की नाही ते कळतं. पिंगवर विसंबू नका. क्लाउडवरची बरीच मशीन्स पिंगला उत्तर देत नाहीत आणि तरी डेटाबेस व्यवस्थित चालू असतो.

लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ एकच नाहीत

दोन्ही नावं त्याच मशीनची, पण वाट वेगळी. लिनक्सवर मायएसक्यूएलची मूळ क्लायंट लायब्ररी होस्टच्या जागी "लोकलहोस्ट" दिसला की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या मार्गाने, जातच नाही, सॉकेट फाइल शोधते. १२७.०.०.१ लिहिलं की ३३०६ पोर्टवर टीसीपीने जाते. त्यामुळे एकाच मशीनवर एक स्क्रिप्ट चालते आणि दुसरी २००२ देऊन पडते, असं होऊ शकतं. इथेही कंसातला आकडा बघा. २ असेल तर ती सॉकेट फाइल त्या जागी नाहीच, १३ असेल तर आहे पण उघडायची परवानगी नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर हे हमखास घडतं: एक्सएएमपीपीबरोबर आलेला एक डेटाबेस आणि नंतर वेगळा टाकलेला दुसरा. सॉकेट दोघांचे वेगळे, ३३०६ पोर्ट मात्र आधी सुरू होईल त्याला मिळतो. रोज वेगळा क्रम लागला की रोज वेगळा एरर.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरत असाल तर कंटेनरच्या आतला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल तर होस्ट म्हणून त्याच्या सर्व्हिसचं नाव द्यावं लागतं. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) आणखी एक गाठ आहे: १७ व्या आवृत्तीपासून लोकलहोस्ट आधी आयपीव्ही६ च्या पत्त्याकडे जाऊ शकतो. डेटाबेस फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर नकार येतो. तिथे थेट १२७.०.०.१ लिहिलं की मोकळं.

१०४५: पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाही

या एररच्या शेवटी "युझिंग पासवर्ड" असं येतं आणि पुढे "येस" किंवा "नो". "नो" असेल तर स्क्रिप्टने पासवर्ड पाठवलाच नाही. म्हणजे पासवर्ड चुकीचा असण्याचा प्रश्न नाही, तो स्क्रिप्टला मिळालाच नाही. हाताने चालते आणि वेळापत्रकावर पडते त्या स्क्रिप्टमध्ये नव्वद टक्के चर्चा पासवर्डवर होते आणि उत्तर या "नो" मध्ये पडलेलं असतं. त्याबद्दल पुढच्या भागात.

"येस" असेल तर दोन शक्यता. पहिली, पासवर्डमधली चिन्हं. आपल्याकडे देवाचं नाव, मग अ‍ॅट द रेट, मग साल अशा धर्तीचे पासवर्ड फार आवडीने ठेवतात. एसक्यूएलअल्केमीसारखी लायब्ररी कनेक्शनचा पत्ता एका यूआरएलमध्ये घेते, आणि त्या पत्त्यात अ‍ॅट द रेट, कोलन, तिरपी रेघ या चिन्हांना स्वतःचं काम असतं. पासवर्डमध्ये ती असतील तर एन्कोड करून द्यावी लागतात: अ‍ॅट द रेटच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि ४०, हॅशच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि २३. सेटिंग्ज ठेवायच्या एन्व्ह फाइलमध्ये पासवर्ड अवतरणचिन्हांत नसेल तर हॅशपासून पुढचा भाग टिप्पणी म्हणून गळू शकतो. शेलमध्ये दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह लिहिलं तर शेल ते व्हेरिएबल समजतो. शेवटच्या दोन ठिकाणी एरर एकच दिसतो; यूआरएलमध्ये मात्र होस्टच चुकीचा वाचला गेला तर १०४५ ऐवजी २००३ किंवा २००५ही येऊ शकतो.

दुसरी शक्यता कमी माहितीची आहे. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे फक्त युजरचं नाव नसतं, नाव आणि होस्ट मिळून एक खातं होतं. "हिशेब" नावाचा युजर लोकलहोस्टवरून आला आणि तोच कारखान्यातल्या पीसीवरून आला, तर सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन वेगळी खाती असू शकतात, वेगळ्या पासवर्डची आणि वेगळ्या अधिकारांची. एकापेक्षा जास्त खाती जुळत असतील तर होस्ट जितका नेमका, तितकं ते खातं आधी निवडलं जातं. जुन्या सर्व्हरवर लोकलहोस्टसाठी बिननावाचं खातं राहून गेलेलं असेल, तर कुठूनही येता येईल असं तुमचं खातं बाजूला राहतं आणि ते बिननावाचं खातं पुढे येतं. एररमध्ये नावापुढे जो होस्ट छापला आहे तो आणि युजर टेबलमधला होस्ट शेजारी ठेवून बघा.

इथे एक शॉर्टकट सर्रास वापरला जातो: होस्टच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाकायचं आणि सगळे अधिकार देऊन मोकळं व्हायचं. कृपया असं करू नका. आकडे भरणाऱ्या स्क्रिप्टला त्या एका डेटाबेसवर वाचण्याचे, भरण्याचे आणि आहे ती नोंद बदलण्याचे अधिकार पुरतात. सगळे टेबल उडवण्याचा अधिकार तिला कशाला?

जुनी लायब्ररी आणि नवा सर्व्हर यांचा वेगळाच वाद असतो. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० ने पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली, आणि जुन्या क्लायंटला ती येत नाही. तेव्हा २०५९ येतो आणि त्यात ऑथेंटिकेशन प्लगइनचा उल्लेख असतो. लायब्ररी अद्ययावत करणं हाच चांगला उपाय.

वेळापत्रकावर टाकली की पडते

लिनक्सवर वेळापत्रकानुसार स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन तुमच्या लॉगिनसारखं वातावरण देत नाही. शेलच्या बॅशआरसी या सेटिंग फाइलमध्ये लिहिलेली व्हेरिएबल्स तिथे नसतात, प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी (पाथ) अगदी छोटी असते, पायथनच्या लायब्ररी वेगळ्या ठेवणारं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू नसतं. म्हणून पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेणारी स्क्रिप्ट हाताने चालते आणि क्रॉनमध्ये "युझिंग पासवर्ड नो" देते. पायथनचा पूर्ण पाथ लिहा आणि एन्व्ह फाइलचाही पूर्ण पाथ लिहा. क्रॉनच्या यादीतल्या (क्रॉनटॅबमधल्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं तर क्रॉन तिथे ओळ तोडतो, त्याच्याआधी बॅकस्लॅश लागतो. बॅकअपच्या फाइलनावात तारीख घालणाऱ्यांची ओळ नेमकी इथे मोडते.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये "स्टार्ट इन" ही चौकट रिकामी सोडली, तर स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधून सुरू होते. स्क्रिप्ट एन्व्ह फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये शोधत असेल तर ती तिला सापडत नाही. शिवाय कुणी लॉगिन नसतानाही टास्क चालेल असं ठेवलं असेल, तर तुम्ही मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह तिथे दिसत नाही. सेटिंगची फाइल झेड ड्राइव्हवर ठेवलेल्या ऑफिसांत हे होतं, आणि दिवसा बसून तपासणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, कारण दिवसा तो स्वतः लॉगिन असतो.

गुरुवारचा एरर

आता ज्या प्रकरणामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं ते. भोसरीतला एक लहान कारखाना. मशीनवर किती जॉब निघाले याचे आकडे पीसीवरची स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी क्लाउडवरच्या डेटाबेसला पाठवते. मालक घरी मोबाइलवर रिपोर्ट बघतात. सुपरवायझरांचा फोन यायचा तो शुक्रवारी सकाळी: "साहेब, कालपासून आकडे गेले नाहीत. शेठ विचारतायत." लॉगमध्ये २००३ आणि कंसात १००६०. मग कुणीतरी क्लाउडच्या पॅनेलमध्ये जाऊन काहीतरी करायचं, सुरू व्हायचं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

तारखा एका खाली एक लिहिल्यावर सगळे गुरुवार निघाले. पुणे-पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही. देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुतेक गुरुवारी, आणि भोसरीच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी. वीज गेली की राउटर बंद होतो. परत आली की तो नव्याने जोडला जातो आणि इंटरनेट कंपनी त्याला नवा सार्वजनिक आयपी देते. क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये मात्र जुना आयपी लिहिलेला. नव्या पत्त्यावरून आलेलं प्रत्येक पॅकेट तिथे मुकाट टाकून दिलं जातं, नकारही पाठवला जात नाही, म्हणून १००६०. कधीकधी राउटरला तोच पत्ता परत मिळतो, म्हणून हे प्रत्येक गुरुवारी होत नसे. त्या अनियमितपणामुळेच कुणाला वीज आठवली नव्हती. पासवर्ड, पायथन, विंडोजचा अपडेट, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे सिक्युरिटी ग्रुप सगळ्या जगाला उघडा करणं. ३३०६ पोर्ट जगाला उघडा ठेवला की पासवर्ड शोधत फिरणारे बॉट्स पोहोचायला वेळ लागत नाही. ते नको.

स्थिर आयपी विकत घेता येतो, आणि एकाच ठिकाणाहून जोडायचं असेल तर तेवढं पुरतं. पण आधी एक तपासा. राउटरच्या पॅनेलवर दिसणारा बाहेरचा आयपी आणि इंटरनेटवर दिसणारा तुमचा आयपी वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही एका सामायिक पत्त्याच्या मागे आहात. तो सामायिक पत्ता परवानगीच्या यादीत टाकला तर त्याच पत्त्यामागच्या अनोळखी ग्राहकांनाही दार उघडं होतं.

मला वायरगार्डचा व्हीपीएन (दोन मशीनमधला, किल्लीने उघडणारा खासगी मार्ग) जास्त पटतो. पीसीचा आयपी बदलला तरी किल्ली तीच राहते आणि जोडणी आपोआप नव्या पत्त्यावरून सुरू होते. डेटाबेसचा पोर्ट जगाला उघडा ठेवावाच लागत नाही. एसएसएच टनेलनेही हे साधतं, पण तो पडल्यावर पुन्हा उभा करायची सोय वेगळी करावी लागते. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावणं चांगलंच, फक्त त्यावर भिस्त नको. इंटरनेट कंपनीच्या खांबावरच्या उपकरणाची वीज गेली तरी जोडणी तुटतेच.

यातला सर्वांत महत्त्वाचा बदल नेटवर्कचा नव्हता. स्क्रिप्ट आता आकडे आधी पीसीवरच्याच एसक्यूलाइटच्या (एका फाइलमध्ये मावणाऱ्या छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये लिहिते आणि जोडणी असेल तेव्हा तिथून पुढे पाठवते. जोडणी तुटणारच आहे हे धरून चाललं की एरर ही घटना राहते, नुकसान राहत नाही. शेठना रिपोर्ट दोन तास उशिरा दिसला तर चालतं. अख्ख्या पाळीचे आकडे गेले तर कामगारांच्या हिशेबापर्यंत गोष्ट जाते.

ज्यांचा डेटाबेस त्याच इमारतीत आहे त्यांना विजेचा त्रास वेगळ्या रूपात होतो. वीज आल्यावर पीसी सुरू होतो, वेळापत्रक जागं होतं, आणि मायएसक्यूएल अजून तयार नसतं. अचानक बंद पडलेला डेटाबेस सुरू होताना आधी स्वतःच्या नोंदी दुरुस्त करतो, त्यालाही वेळ लागतो. लॉगमध्ये पहिली काही मिनिटं १००६१ किंवा १११ आणि नंतर सगळं सुरळीत असं दिसलं, तर बहुधा हेच कारण. लिनक्सवर सिस्टमडीमध्ये (सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या यंत्रणेत) स्क्रिप्टचा क्रम मायएसक्यूएलनंतर लावा, आणि तरीही स्क्रिप्टला थोडी वाट बघायला शिकवा. सर्व्हिस सुरू झाली म्हणजे ती जोडणी घ्यायला तयार झालीच असं नाही.

जोडलं होतं, मधेच तुटलं

२००६ म्हणजे सर्व्हर निघून गेला. २०१३ म्हणजे क्वेरी चालू असताना जोडणी तुटली. स्क्रिप्ट कनेक्शन उघडते, मग तासन्‌तास एक्सेल फाइल्स वाचत बसते आणि शेवटी लिहायला जाते, तेव्हा २००६ येतो. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन मूळ सेटिंगनुसार २८८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी बंद करतं. पण वाटेतली उपकरणं इतकी धीराची नसतात. एडब्ल्यूएस या क्लाउडचा नॅट गेटवे (आतल्या मशीन्सना इंटरनेटवर नेणारं दार) ३५० सेकंद काही हालचाल नसेल तर जोडणी विसरतो. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते बघणारी सोय) मूळ सेटिंगनुसार पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी पाठवतं, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून मायएसक्यूएलची ती ८ तासांची मर्यादा (वेट टाइमआउट) वाढवून हा प्रश्न बहुतेक वेळा सुटत नाही. कनेक्शन कामापुरतंच उघडा: आधी फाइल्स वाचा, मग जोडा, लिहा, बंद करा. कायम चालणारी स्क्रिप्ट असेल तर एसक्यूएलअल्केमीमध्ये पूलचं (पुन्हा वापरायला ठेवलेल्या उघड्या कनेक्शन्सच्या साठ्याचं) प्री-पिंग चालू करा. वापरण्याआधी ती कनेक्शन जिवंत आहे का ते बघते आणि नसेल तर नवं घेते. पूल रिसायकलची, म्हणजे जुनं कनेक्शन टाकून नवं घेण्याची, वेळ वाटेतल्या सर्वांत कमी मर्यादेपेक्षा खाली ठेवा.

मोठी नोंद भरताना लगेचच २००६ आला, काही सेकंदांतच, तर कारण वेळेचं नाही, आकाराचं आहे. मॅक्स अलाउड पॅकेट, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या मजकुराची मर्यादा, बघा. ८.० मध्ये सर्व्हरची ही मर्यादा ६४ एमबी आहे, ५.७ मध्ये फक्त ४ एमबी होती. स्कॅन केलेली बिलं डेटाबेसमध्येच ठेवणाऱ्यांना ती लवकर लागते.

१०४०: जागाच नाही

मॅक्स कनेक्शन्सची, म्हणजे एका वेळी जोडता येणाऱ्या कनेक्शन्सची, मूळ मर्यादा १५१. ती भरली की १०४० येतो. लहान ऑफिसला एवढी कशी अपुरी पडेल असं वाटतं, पण हिशेब करून बघा. एसक्यूएलअल्केमीचा पूल प्रत्येक प्रोसेसमागे ५ कनेक्शन्स आणि वर जास्तीची १० घेऊ शकतो. वेब अ‍ॅपचे १० वर्कर चालवले की तेच १५० होतात. रात्रीच्या स्क्रिप्टला आणि तुमच्या वर्कबेंचला (डेटाबेस बघायच्या प्रोग्रामला) मिळून उरतं एक.

एरर येत असतानाच, रीस्टार्ट न करता, अ‍ॅडमिनच्या खात्याने आत जा. अशा खात्यासाठी मायएसक्यूएल एक जास्तीची जागा राखून ठेवतं. म्हणून स्क्रिप्टला रूटचं, म्हणजे सर्व अधिकारांचं, खातं कधीच देऊ नका, नाहीतर ती राखीव जागाही तीच अडवेल. शो प्रोसेसलिस्ट चालवा. बहुतेक ओळी "स्लीप" म्हणतील. त्या कुठल्या युजरच्या, कुठल्या होस्टवरून आणि किती सेकंदांपासून, हे तिथेच लिहिलेलं असतं. प्रत्येक स्क्रिप्टला वेगळा युजर दिला असेल तर दोषी क्षणात सापडतो. सगळ्यांना एकच युजर दिला असेल तर चाळत बसावं लागतं.

दोषी बहुधा दोनांपैकी एक. एक म्हणजे एरर आल्यावर कनेक्शन बंद न करणारी स्क्रिप्ट. पायथनमध्ये बंद करणं फायनलीमध्ये ठेवा. "विथ" लिहिलं म्हणजे बंद झालंच असं समजू नका; पोस्टग्रेसच्या सायकोपीजी२ या लायब्ररीमध्ये "विथ" फक्त ट्रान्झॅक्शन संपवतो, कनेक्शन उघडंच राहतं. दुसरा म्हणजे दर पाच मिनिटांनी लावलेली आणि सात मिनिटं घेणारी स्क्रिप्ट. आधीची संपत नाही तोवर पुढची सुरू होते आणि रांग वाढत जाते. महिनाअखेरीला माहिती वाढली की हे डोकं वर काढतं, एरवी नाही. लिनक्सवर एफलॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारी कमांड) वापरा, विंडोजच्या शेड्यूलरमध्ये आधीची चालू असेल तर नवी सुरू करू नये असा पर्याय आहे.

लॉगमधली वेळ

मायएसक्यूएलचा एरर लॉग मूळ सेटिंगनुसार यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, नोंद लिहितो. पुण्यात रात्री १२ वाजता पडलेल्या स्क्रिप्टची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये आदल्या दिवशी संध्याकाळी ६:३० ला सापडेल. "सर्व्हरच्या बाजूला त्या वेळी काहीच दिसत नाही" असं कुणी म्हणालं की साडेपाच तास मागे जाऊन बघा. उलट दिशेनेही हे उपयोगी पडतं. रोज पहाटे ५:३० ला एरर येत असेल तर ती यूटीसीची मध्यरात्र आहे, आणि क्लाउडवर कुणीतरी मध्यरात्री लावलेला बॅकअप किंवा रीस्टार्ट तेव्हा चालू असण्याची दाट शक्यता आहे.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा

स्क्रिप्टमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची सोय हवीच, पण एरर बघून. २००३, २००६, २०१३ आणि १०४० हे थोड्या वेळाने आपोआप मिटू शकतात. १०४५, १०४९, ११३० वर पुन्हा प्रयत्न करून काही बदलत नाही, तिथे थांबून माणसाला कळवा. मायएसक्यूएल ८.०.१९ पासून ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं कुलूपबंद करायची सोय आहे. ती चालू असेल तर आंधळेपणाने पुन्हापुन्हा जोडणारी स्क्रिप्ट स्वतःलाच बाहेर काढते.

दोन प्रयत्नांमधली वेळ वाढवत न्या आणि तिच्यात थोडा अनियमितपणा ठेवा. वीज आल्यावर एका कारखान्यातले दहा पीसी एकाच सेकंदाला जोडायला धावले, तर ते एकमेकांनाच अडवतात. पोर्ट उघडा आहे का एवढंच बघणारं मॉनिटरिंगचं साधन लावलं असेल तर तेही तपासा. ते दर मिनिटाला जोडतं आणि ओळख न सांगता तोडतं. असे सलग १०० अपुरे प्रयत्न झाले की मूळ सेटिंगनुसार मायएसक्यूएल त्या होस्टलाच अडवतं, आणि मग त्याच मशीनवरच्या चांगल्या स्क्रिप्टलाही ११२९ मिळतो.

२०१३ च्या वेळी सर्वांत जास्त काळजी घ्या. जोडणी तुटली तेव्हा नोंद भरली गेली होती की नाही, हे तुमच्या बाजूला कळत नाही. सर्व्हरने ती भरून टाकली असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. तशीच नोंद पुन्हा पाठवली तर जॉब दुप्पट दिसतील, बिलं दोनदा लागतील, आणि हे कनेक्शनच्या लॉगमध्ये कुठेच दिसणार नाही. म्हणून टेबलवर युनिक की (तीच नोंद दोनदा न घेण्याचा नियम) आधी लावा. आमच्या त्या स्क्रिप्टमध्ये मशीन क्रमांक आणि नोंदीची वेळ मिळून ती होते. मग तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर ऑन डुप्लिकेट की अपडेट लिहून आहे तीच अद्ययावत करा. नोंदीची वेळ सर्व्हरवरच्या घड्याळाची घेऊ नका, पीसीवर आकडा वाचला त्या क्षणाची घ्या, नाहीतर दुसऱ्या प्रयत्नात वेळ बदलेल आणि युनिक की असूनही ती नवी नोंद ठरेल.